सिव्हिलला नेलं

कोरेगाव तालुक्यात कुणी विहिरीत सापडलं, कुणी फवारणीचं औषध पिऊन गेलं किंवा सातारा-पंढरपूर रस्त्यावर गाडीखाली आलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘बॉडी सिव्हिलला नेली.’ सिव्हिल म्हणजे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. त्याला आता क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे, कोरेगावातही ग्रामीण रुग्णालय आहे, तरी बोलण्यातलं सिव्हिल हटत नाही. सिव्हिल म्हणजे मुलकी, आणि एखाद्या गोष्टीला मुलकी म्हणावं लागतं ते ती लष्करी नव्हे हे सांगण्यासाठीच. शेतकऱ्याला कुणी मुलकी शेतकरी म्हणत नाही. डॉक्टरला मात्र ‘सिव्हिल सर्जन’ म्हणावं लागलं, कारण सरकारी डॉक्टर म्हटला की तो पलटणीचा, हे इंग्रजी अमलात गृहीतच होतं. त्यातला एखादा जिल्ह्याच्या कामाला उसना दिला, की तो सिव्हिल. काम मुलकी, हुद्दा कॅप्टनचा नाहीतर मेजरचा. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हापासून १९४७ पर्यंत बहुतांश काळ, जिल्ह्यात प्रेत उघडून मृत्यूचं कारण सरकारला लिहून देणारा माणूस असा फौजीच असायचा. (हे कोरेगाव भीमाकाठचं नव्हे, वसना-तीळगंगेकाठचं. तरी एक नोंद करून ठेवावी : १ जानेवारी १८१८ च्या त्या दुसऱ्या कोरेगावच्या लढाईतही कंपनीच्या तुकडीबरोबर विंगेट आणि वायली असे दोन असिस्टंट सर्जन होते. दोघंही लढले, त्यातला विंगेट तिथंच मेला. डॉक्टर आणि शिपाई यांच्यातली रेघ तेव्हा किती पुसट होती, ते यावरून कळतं.)

सैन्यात जाऊन न्यायवैद्यक डॉक्टर व्हायचं, असं आज बारावी सायन्सच्या एखाद्या मुलीनं म्हटलं, की ऐकणाऱ्याला ते परदेशी मालिकांतून आलेलं खूळ वाटतं. प्रेतं उघडायची तर पलटणीत कशाला जायचं, आणि पलटणीत जायचं तर प्रेतं कशाला उघडायची, असा तो सवाल. इतिहास उलट साक्ष देतो. आपल्याकडे हा धंदा लष्करातूनच मुलकी कारभारात आला. मुलकी वेगळा झाला तो नंतर, आणि वेगळा होताना एक गोष्ट मधल्या मधे गळून पडली. गुन्ह्यात मेलेल्या माणसाच्या प्रेताला कायद्यानं एक प्रश्न विचारला : कुणी मारलं? त्याचं उत्तर द्यायला डॉक्टर नेमला. नोकरीत मेलेल्या शिपायाच्या प्रेताला विचारायचा प्रश्न वेगळा असतो : हा नोकरीपायी मेला का? तो प्रश्न मात्र प्रेताऐवजी कागदाला विचारला जाऊ लागला. ही वाटणी का झाली आणि तिचं काय झालं, हेच इथं पाहायचं आहे.

इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात सैन्याची वैद्यकीय सेवा. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांच्या तीन सेवा १८९६ मध्ये एक झाल्या. भरती झालेल्या डॉक्टरला आधी साधारण दोन वर्षं पलटणीत काढावी लागत. त्यानंतर मुलकी कामावर जाण्याची मुभा मिळे, पण युद्ध लागलं की परत बोलावलं जाई. थोडक्यात जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा रजेवर आलेल्या फौजीसारखा होता. रुग्णालय त्याच्याकडे, बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याचा तुरुंगही त्याच्याकडे, आणि खून किंवा संशयाचा मृत्यू झाला की त्याचं प्रेतही त्याच्याच टेबलावर. १८५५ पासून लंडनची स्पर्धा परीक्षा हिंदी लोकांना खुली झाली आणि त्यातून काही मोजके मराठी लोकही या सेवेत शिरले. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्यातलं ठळक नाव. अफगाण युद्धावर जाऊन आलेला, ठाण्याला सिव्हिल सर्जन राहिलेला, औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ करणारा हा माणूस १९०९ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. फौजी डॉक्टर संमेलनाध्यक्ष ही कल्पना आज जरा चमत्कारिक वाटेल. त्या पिढीला वाटली नसावी.

प्रेत त्या टेबलापर्यंत पोचायचं कसं, हे पाहिलं की धंद्याचं खरं रूप कळतं. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीस पाटलावर एक काम टाकलं : गावात खून झाला, कुणी अचानक किंवा अनैसर्गिक मेलं किंवा प्रेत सापडलं, तर दोन किंवा अधिक समंजस माणसं गोळा करायची, मृत्यूचं कारण तपासायचं, लिहून काढायचं आणि ठाण्याला पाठवायचं. आपला पंचनामा तो हाच. वहीम आला तर प्रेत जवळच्या सिव्हिल सर्जनकडे किंवा दुसऱ्या सरकारी डॉक्टरकडे रवाना करायचं. फौजदारी संहितेत याच्या जोडीला एक कलम आहे, आणि ते वाचताना धुळीचा रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो : हवा आणि अंतर पाहता प्रेत वाटेत कुजून तपासणी फुकट जाण्याचा धोका नसेल, तरच ते पाठवावं. कोरेगावहून सातारा वीस किलोमीटरच्या आतबाहेर. रस्ता माहुलीला कृष्णा ओलांडतो, जिथं कृष्णा-वेण्णेच्या संगमावर साताऱ्याचे लोक आपली माणसं दहनाला नेत आले आहेत. तेव्हा वैशाखात सकाळी निघालेली बैलगाडी माहुलीचा घाट डावीकडे-उजवीकडे टाकत पुढं जायची, मडकं धरायच्या जागेवरून प्रेत आधी डॉक्टरकडे आणि मग कदाचित पुन्हा त्याच घाटावर. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की कलमातलं ‘हवा आणि अंतर’ कागदावरून उठून नदीत उभं राहायचं. गावकीच्या कामांत असल्या प्रेताची राखण आणि ने-आण महारांच्या माथी होती, हे सांगितल्याशिवाय हा रस्ता पुरा होत नाही. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, तेव्हा ती सक्तीही कागदोपत्री संपली. टेबलावरही तेच : कवटी आणि छाती उघडायचा हात बहुधा शवागारातल्या सफाई कामगाराचा, आणि निष्कर्ष साहेबाचा.

विषाचा संशय असला की सिव्हिल सर्जनचं काम तिथंच थांबे. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ ही आजच्या वर्तमानपत्रांतली ओळ त्याच पद्धतीची उरलेली खूण. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या. एकीत जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा वरचा तुकडा. दुसरीत यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचं अर्ध अर्ध. वर मिठाचं संपृक्त पाणी किंवा स्पिरिट, बूच, कापड, दोरा, लाख आणि लाखेवर मोहोर. मोहोरेचा नमुना वेगळ्या पाकिटात, म्हणजे वाटेत कुणी बरणी उघडली तर कळावं. मुंबईत १८७० साली सरकारी रासायनिक पृथक्करणाची प्रयोगशाळा निघाली आणि इलाखाभरच्या बरण्या तिकडे जाऊ लागल्या. त्यांत सापडायचं ते काय, तर सोमल, धोत्रा, अफू. तिथले पृथक्करणकार आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले अध्यापक लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. पुढं त्याच्या आवृत्त्या लेफ्टनंट कर्नल वॉडेल यांनी सुधारल्या. हे वॉडेल म्हणजे १९०४ साली यंगहजबंडच्या फौजेबरोबर ल्हासाला गेलेले तेच. त्यांच्या आधी बंगालात नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ मध्ये असाच ग्रंथ केला होता, तेही फौजी डॉक्टर. जयसिंग मोदी यांचं पुस्तक, ज्यावर आपले डॉक्टर आणि वकील दोघंही शंभर वर्षं पोसले गेले, ते १९२० चं. म्हणजे मुलकी हातांत ही विद्या येण्याआधी तिची पाठ्यपुस्तकं बऱ्याच अंशी पलटणीतल्या लोकांनीच लिहून ठेवली होती.

या डॉक्टरांच्या हातात किती मोठी सत्ता होती, हे बडोद्याच्या प्रकरणात दिसलं. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर यांनी रोजच्या पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, चव बिघडलेली वाटून उरलेलं ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाचा गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांच्याकडे पाठवला. सिवर्डना त्यात सोमल आणि चकाकणारे कण आढळले. हिऱ्याची पूड, असं ठरलं. गाळ मुंबईला रासायनिक पृथक्करणकार ग्रे यांच्याकडे गेला, त्यांनी सोमल पक्का केला. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आयोग बसला. तिघं इंग्रज एका बाजूला, तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला, असा तो फुटला, आणि तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराज गादीवरून गेले, विषाच्या नव्हे तर गैरकारभाराच्या नावाखाली. पेल्यात सोमल होता, एवढं रसायनशास्त्रानं सांगितलं. तो कुणी टाकला, हे ते सांगू शकत नाही. न्यायवैद्यकाची ही मर्यादा तेव्हाच उघड झाली होती. पण आपल्या मुद्द्याला यातून वेगळंच काही मिळतं : तक्रारदार कर्नल, पहिला तपास लष्करी डॉक्टरचा, आणि प्रश्न मात्र अथपासून इतिपर्यंत ‘कुणी केलं’ हाच. या सगळ्या यंत्रणेचं तोंड न्यायालयाकडे होतं.

त्याच यंत्रणेच्या माणसांनी स्वतःच्या शिपायांच्या मृत्यूचं काय केलं, हे पाहायला १९१४ नंतरच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जावं लागतं. जिल्ह्याजिल्ह्यांतले सिव्हिल सर्जन तेव्हा परत वर्दीत गेले. सातारा हा भरतीचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ लागलं ते त्याच काळाच्या पुण्याईवर, आणि त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात परत आले नाहीत, असं गाव सांगतं. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कूट अल अमारात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत त्या अडकून पडल्या. बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं, भाजीपाला नव्हता, स्कर्व्ही पसरली. किती गोळीनं मेले, किती जुलाबानं, किती उपासमारीनं, हे वेगळं काढण्याची ना फुरसत होती ना कुणाला तशी गरज वाटली. वैद्यकीय व्यवस्थेचा बोजवारा इतका उडाला की त्यावर चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल लंडनमध्ये गाजला. पुढं १९२९ साली बसऱ्याचं स्मारक उभं राहिलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. हा भेद ते स्मारक उभारणाऱ्या समितीच्या वारसदार संस्थेनं २०२१ मध्ये जाहीरपणे कबूल केला. प्रेत नाही, कारण नाही आणि नावही नाही. गावाकडे आली ती तार आणि नंतर कधीतरी पेन्शनचं कार्ड. साताऱ्यात खुनी माणसानं मारलेल्या शेतकऱ्याच्या मरणाची चौकशी त्याच राज्यात त्याच सेवेचा डॉक्टर जितक्या बारकाईनं करत होता, तितकी त्याच शेतकऱ्याच्या शिपाई भावाच्या वाट्याला आली नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिस संपली. सैन्याचे डॉक्टर १९४३ मध्ये बनलेल्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये राहिले, जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन राज्य सरकारचे झाले. तेव्हापासून ते खरोखर सिव्हिल. १ मे १९४८ ला पुण्यात सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, म्हणजे एएफएमसी. त्यात लष्कराची पुण्यातली मध्यवर्ती पॅथॉलॉजी प्रयोगशाळाही सामील झाली. पदवीचा वर्ग १९६२ मध्ये सुरू झाला. वाटणीत लष्कराला रक्त, लघवी, जंतू आणि गाठी मिळाल्या. न्यायालयात जाणारं प्रेत मुलकी बाजूला गेलं. कायद्यातली भाषा तशीच राहिली : प्रेत ‘सिव्हिल सर्जन किंवा राज्य सरकारनं नेमलेल्या दुसऱ्या लायक डॉक्टरकडे’ पाठवावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे शब्द आहेत, हवा आणि अंतर यांसकट. छावणीत जवान संशयास्पद मेला, तर पोलिसांना कळवायचं आणि सरकारनं त्या कामासाठी नेमलेल्या डॉक्टरनं शवविच्छेदन करायचं, हा रिवाज त्यातूनच आला. आणखी एक गोष्ट आपल्याकडे झाली. इंग्लंड-अमेरिकेत न्यायवैद्यक डॉक्टर हा आधी पॅथॉलॉजिस्ट असतो, सूक्ष्मदर्शकाखाली ऊती वाचायला शिकतो, आणि मग न्यायाच्या कामाकडे वळतो. आपल्याकडे लायन-मोदींच्या वळणानं न्यायवैद्यक हा कायद्याशी जोडलेला स्वतंत्र विषय झाला. पॅथॉलॉजीची एमडी वेगळी, न्यायवैद्यकाची वेगळी. त्यामुळे ‘फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट’ हे नाव आपण सर्रास वापरतो खरं, पण त्या नावात एकवटलेली दोन कामं आपण दोन माणसांत वाटून टाकली आहेत.

वाटून टाकली म्हणून बिघडलं काय, असं कुणी विचारेल. उत्तर १९६२ नंतरच्या हिमालयात आहे. चीनशी लढाई झाली तेव्हा हजारो मैदानी जवान अकरा हजार फुटांवर आणि त्याच्याही वर नेऊन उतरवले गेले. धडधाकट पोरं दोन दिवसांत दम लागून, तोंडाला फेस येऊन मरू लागली. न्यूमोनिया म्हणावं, तर जंतूंचा हिशेब जुळेना. हृदय बंद पडलं म्हणावं, तर वय विशीचं. अशा जवानांची शवविच्छेदनं झाली आणि त्यांच्या फुप्फुसांच्या ऊतींचा अभ्यास नायक, रॉय आणि नारायणन यांनी १९६४ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात छापला. फुप्फुसात पाणी भरलेलं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या. उंचीनं मारलं होतं. सैन्यातले इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी जिवंत रुग्णांच्या बाजूनं याच प्रश्नाला भिडले होते. १९६९ चा त्यांचा निबंध १,९२५ जवानांच्या अनुभवावर उभा आहे. आज सियाचेनला जाणारा साताऱ्याचा जवान टप्प्याटप्प्यानं, मुक्काम करत चढवला जातो. त्या नियमामागं या कामाचा हात मोठा आहे. मेलेल्यांची फुप्फुसं कुणीतरी कापून काचेवर घेतली म्हणून पुढचे जगले. यात ‘कुणी मारलं’ हा प्रश्न कुठंच नव्हता. न्यायालय नव्हतं, आरोपी नव्हता, पंचनाम्याचीही गरज नव्हती. सैन्याला लागणारं मरणोत्तर वैद्यक असं असतं, आणि तपासणीचं टेबल फक्त फौजदारीसाठी राखून ठेवलं की ते आपोआप घडत नाही. मुद्दाम घडवावं लागतं.

आणि मग घरी मागं उरलेल्या माणसांचा प्रश्न. जवान गेल्यावर कुटुंबाला मिळणारं पेन्शन तीन तऱ्हांचं असतं. साधं कुटुंब पेन्शन ढोबळमानानं शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला किंवा सेवेनं आजार बळावला, असं ठरलं तर विशेष पेन्शन, ६० टक्के. लढाईत किंवा तत्सम कामगिरीत गेला तर उदार पेन्शन, पुरा पगार. कोरेगावातल्या एका विधवेच्या दृष्टीनं तीस आणि साठ यांतला फरक हा पोरांच्या कॉलेजातला आणि गावच्या शाळेतला फरक असू शकतो. तो ठरतो ‘सेवेशी संबंध’ या दोन शब्दांवर. परेडवर कोसळलेल्या तिशीच्या जवानाचं हृदय जन्मतः जाड होतं, रक्तवाहिन्या चरबीनं भरल्या होत्या, की उष्माघात होता? तिन्हींचा बाहेरून दिसणारा शेवट एकच, हृदय थांबणं. आत पाहिलं तर पहिले दोन बहुधा ओळखू येतात. तिसऱ्याच्या खुणा प्रेतात अस्पष्ट असतात, तिथं कोसळताना अंगाचं तापमान किती होतं आणि त्या दिवशी हवा कशी होती, या नोंदी लागतात. म्हणजे नुसता चाकू पुरत नाही, सैनिकी दिनक्रम माहीत असलेला माणूसही लागतो. तालुक्याच्या रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टर सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी बाळंतपण आणि संध्याकाळी शवविच्छेदन असं करत असतो. त्यानं ‘हृदयविकार, व्हिसेरा राखून ठेवला’ असं लिहिलं, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला विचारलेला प्रश्नच तेवढा होता : घातपात आहे का?

यावर पहिला आक्षेप जोरकस आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. सैन्यानंच मारलेला, सैन्यातच मेलेला माणूस सैन्याच्याच डॉक्टरनं तपासायचा, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सिव्हिल सर्जनच्या काळात हेच व्हायचं. तुरुंगाचा कारभारी तोच, आणि तुरुंगात मेलेल्या कैद्याचं कारण लिहिणारा बऱ्याचदा तोच. तो काळ परत आणा, असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. पण आक्षेप नीट पाहिला तर तो वर्दीविरुद्ध नाही, वरिष्ठाविरुद्ध आहे. डॉक्टर कुणाला उत्तरदायी आहे, त्याचा अहवाल कुटुंबाच्या हातात पडतो का आणि संशयाचं प्रकरण असेल तर दंडाधिकारी मधे आहे का, यावर सगळं ठरतं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची, ही दुरुस्ती २००५ मध्ये झालीच. खून किंवा आत्महत्येच्या संशयात मुलकी डॉक्टरचा हक्क काढून घ्यावा, असं इथं म्हणायचं नाही. तिथं लष्करी डॉक्टर दुसरा म्हणून शेजारी उभा राहिला तरी पुष्कळ. अमेरिकेनं या कामासाठी सशस्त्र दलांचा मुख्य वैद्यकीय परीक्षक असं वेगळं कार्यालय केलं, तुकडीच्या कमांडरच्या हाताबाहेरचं. त्यांची पॅथॉलॉजीची परंपरा १८६२ च्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयापासूनची, म्हणजे यादवी युद्धात तुटलेल्या हाडांपासूनची. आपली परंपराही जुनीच आहे, फक्त ती आपण खात्याच्या वाटणीत हरवली.

दुसरा आक्षेप कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं, की भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही ती पुढं उद्भवली, तर ती सेवेमुळेच, असं गृहीत धरावं. उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. ते प्रकरण अपंगत्व पेन्शनचं होतं. मग गृहीतक जवानाच्या बाजूचं असताना प्रेत कापायचं कशाला? उलट कापलं आणि जन्मजात दोष निघाला, तर कुटुंबाचंच नुकसान. हा युक्तिवाद चतुर आहे, माणुसकीचाही वाटतो, आणि त्याची एक बाजू मान्य करावी लागेल : काही घरांना खरं कारण महागात पडेल. पण गृहीतक म्हणजे पुराव्याच्या जागी ठेवलेल्या पादुका. ते मिळवायला लष्करी न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात, आणि तिथं समोर येतो तो फक्त वैद्यकीय मंडळाचा कागद. मंडळानं प्रेत पाहिलेलं नसतं. शिवाय गृहीतकानं एक विधवा तरेल, उन्हातल्या कवायतीची वेळ त्यानं बदलणार नाही. १९६४ चं फुप्फुस गृहीतकानं वाचलं नसतं.

तिसरा आक्षेप संख्येचा : असे मृत्यू असतील किती, त्यासाठी वेगळे डॉक्टर कशाला पोसायचे? याला सैन्याच्याच एका अंगानं कधीच उत्तर दिलं आहे. बंगळूरला १९५७ मध्ये विमानवैद्यकाची शाळा निघाली, तीच आजची एअरोस्पेस मेडिसिनची संस्था. विमान पडलं की वैमानिकाच्या हाडांवरून, भाजलेल्या ऊतींवरून आणि रक्तातल्या वायूंवरून तो धडकेपूर्वी शुद्धीवर होता का, हात दांड्यावर होते का, हे वाचायची विद्या तिथं जोपासली गेली. विमानं काही रोज पडत नाहीत. पण विमान महाग असतं, आणि ते का पडलं हे कळणं गरजेचं ठरतं. पायदळातल्या शिपायासाठी तोच तर्क लावताना संख्या आठवते, हे जरा खटकतं.

शेवटचा आक्षेप घरातून येतो, आणि तोच सगळ्यांत नाजूक. तिरंग्यात गुंडाळून आलेल्या पोराला आता आणखी कुठं कापता? युद्धात गेलेल्याचं प्रेत घरी आणण्याची रीत आपल्याकडे कारगिलनंतर, १९९९ पासून रुळली. त्याआधी बहुतेकांच्या घरी सामानाची पेटी आणि फार तर अस्थी यायच्या. प्रेत आलं, तसं त्याच्यापाशी प्रश्नही आले. त्याच वर्षी ९ जूनला पाकिस्तानकडून परत मिळालेल्या कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांच्या प्रेतांच्या तपासणीवरूनच भारतानं छळाचा आरोप केला. पाकिस्ताननं तो नाकारला, पण आरोप उभा राहिला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. लढाईत गोळी लागून गेलेल्याचं कारण उघड असतं, तिथं कापायची गरज नाही, एवढं घरच्यांना सांगता येईल. ओळख पटवणं मात्र चुकत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या बाजूला बर्फात हरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, बर्फातून आणखी चार देह निघाले. त्यातला एक आर्मी मेडिकल कोअरचा शिपाई होता, आणि त्याची ओळख पटली ती अंगावर सापडलेल्या पे-बुकावरून, म्हणजे पगाराच्या वहीवरून. अमेरिकेत १९९८ मध्ये व्हिएतनामच्या अज्ञात सैनिकाचं थडगं उकरून डीएनएवरून मायकेल ब्लासी हे नाव शोधून काढलं. आपल्याकडे कागद टिकला म्हणून नाव मिळालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला सोनम चौकीवर हिमकडा कोसळला तेव्हा गाडल्या गेलेल्या दहांत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा एक नर्सिंग असिस्टंट होता. तिथून देह गावात यायचा तो हेलिकॉप्टर, विमान आणि शेवटी शववाहिका असा. हवा आणि अंतर या दोन शब्दांना इतकं मोठं माप कायदा लिहिणाऱ्यांनी कल्पिलं नसणार.

आता ती बारावीची मुलगी. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच, २३ जून १९६१ ची, म्हणून वर्दीचं आकर्षण या भागात समजावून सांगावं लागत नाही. वाट अशी : नीट परीक्षा, त्यातून एएफएमसीची स्वतंत्र चाचणी आणि मुलाखत, एमबीबीएस, मग कमिशन आणि सेवेची बांधिलकी, किंवा बाहेरून एमबीबीएस होऊन शॉर्ट सर्व्हिसनं आर्मी मेडिकल कोअरमध्ये प्रवेश. इथपर्यंत सरळ. पदव्युत्तर शिक्षणाला मात्र तिला फाट्यावर उभं राहावं लागेल. पॅथॉलॉजी घेतली, तर कमांड रुग्णालयातल्या गाठी, रक्तपेढी, काचेच्या पट्ट्या. जवानाचं प्रेत तिच्यापुढं क्वचितच येईल. न्यायवैद्यक घेतलं, तर कायदा, जखमा, विषं आणि अध्यापन. सूक्ष्मदर्शक शेजारच्या विभागात. १९६४ च्या निबंधात जवानाची फुप्फुसं वाचणाऱ्यांकडे जे होतं, ते तिला दोन पदव्यांतून थोडं थोडं गोळा करावं लागेल. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या सिव्हिलात बसलेल्या कॅप्टनकडे दोन्हींचं ज्ञान आजच्या मानानं फारच तोकडं होतं, पण टेबल एकच होतं, आणि कृष्णा उतरून आलेली गाडी त्याच्याच दारात थांबत होती.